विमानांचा इतिहास अभ्यासायला सुरुवात कशी करावी: बेळगाव परिसरातील नवोदितांसाठी

बेळगाव शहराच्या पूर्वेला असलेली सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, ब्रिटिश हवाई दलासाठी बांधली गेली. आज तेथे प्रवासी विमानतळ आहे, आणि हवाई दलात भरती झालेल्या जवानांना घडवणारी प्रशिक्षण संस्थाही आहे. शहराच्या कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे, तर हत्तरगीच्या औद्योगिक क्षेत्रात मोठ्या प्रवासी विमानांचे सुटे भाग तयार होतात. खानापूर, निपाणी, हुक्केरी या भागांतल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी फौजेत होते किंवा आजही आहे. त्यामुळे विमानांची ओढ असलेली मुले आणि मोठी माणसे मला आपल्या भागात सतत भेटतात. त्यांतील बहुतेकांची सुरुवात मात्र ‘सर्वांत वेगवान लढाऊ विमान कोणते’ या प्रश्नाने होते आणि वेगाचे, पल्ल्याचे आकडे पाठ झाले की तेथेच संपते. आकडे पाठ करणे म्हणजे इतिहास नव्हे. एखादे विमान तसे का घडले, ते कोणी वापरले, कोठे नेले आणि त्याच्या पोटात बसून कोण गेले, हे शोधणे म्हणजे इतिहास. तो शोध बेळगावात बसूनही कसा करता येतो, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: एकच विमान धरा, आणि शक्यतो ते मालवाहू असू द्या

सगळ्या विमानांचा इतिहास एकदम वाचायला घेतला तर महिन्याभरात गोंधळ होतो. म्हणून आरंभी एकच विमान निवडावे आणि किमान सहा महिने त्याचाच पाठपुरावा करावा. ते विमान लढाऊ नसून वाहतुकीचे असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. लढाऊ विमानात एक किंवा दोन माणसे बसतात, त्यामुळे त्याची कथा त्यांच्यापाशीच थांबते. वाहतुकीच्या विमानात मात्र जवान, दारूगोळा, धान्याची पोती, जखमी, निर्वासित, टपाल, सारेच असते, आणि म्हणून त्याचा माग काढताना आपोआप देशाचा इतिहास हाती येत जातो. आपल्या गावातल्या निवृत्त माणसाने लढाऊ विमान जमिनीवरून पाहिलेले असते. वाहतुकीच्या विमानात तो स्वतः बसलेला असतो. अभ्यासाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

पहिले विमान म्हणून मी डाकोटाची शिफारस करतो. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला बरोबर 32 वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे 17 डिसेंबर 1935 रोजी, अमेरिकेच्या डग्लस कंपनीचे डीसी-3 हे प्रवासी विमान प्रथम उडाले. त्याचेच लष्करी रूप असलेले सी-47 डिसेंबर 1941 मध्ये उडाले, आणि ब्रिटिश हवाई दलाने त्याला डाकोटा हे नाव दिले. पुढे आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. सुमारे 1,200 अश्वशक्तीची दोन इंजिने, 29 मीटरच्या आसपास पंखविस्तार आणि शेपटीखाली एक लहान चाक, अशी ही साधी रचना होती. पण लष्करी नमुने धरून ही विमाने दहा हजारांहून अधिक बनली. 1944 च्या मार्च महिन्यात इंफाळवर जपानी सैन्य चालून आले तेव्हा पाचवी भारतीय डिव्हिजन ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवरून उचलून मणिपूरला नेली गेली, ती प्रामुख्याने अशाच विमानांतून. 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीला घेऊन श्रीनगरला उतरली तीही डाकोटाच. पुढच्या वर्षी मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी दहा हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या लेहच्या वाळूत डाकोटा उतरवली आणि सोबत जनरल थिमय्या होते.

युद्धाबाहेरही हेच विमान दिसते. 1949 च्या जानेवारीअखेर रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. एका विमानाच्या निमित्ताने इंफाळ, श्रीनगर, लेह आणि नागपूर अशी चार ठिकाणे जोडली जातात, ती अशी.

दुसरी पायरी: प्रकार, उपप्रकार आणि प्रत्यक्ष विमान यांत गल्लत करू नका

नवोदितांच्या हातून सर्वाधिक चुका येथे होतात. ‘मिग-21’ हा एक प्रकार झाला. 1963 मध्ये तो भारतीय हवाई दलात दाखल झाला आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला त्याला निरोप देण्यात आला. या 62 वर्षांत एफएल, एमएफ, बिस, बायसन असे त्याचे अनेक उपप्रकार आले. त्यांतले बरेचसे नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाले. एफएल आणि बायसन यांचा बाह्य आकार सारखाच वाटतो, परंतु आतील रडार, क्षेपणास्त्रे आणि इतर उपकरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून ‘मिग-21 चा अमुक एक पल्ला होता’ हे विधान उपप्रकार न सांगता केले तर ते अर्धवट ठरते.

नावांचीही यादी प्रथमच करून ठेवावी, कारण एकाच विमानाला तीन-तीन नावे असतात. फ्रेंच उरागाँ आपल्याकडे तुफानी झाले, मिराज-2000 ला वज्र म्हटले गेले आणि इल्युशिन-76 ला गजराज. सी-47, स्कायट्रेन आणि डाकोटा ही तर एकाच विमानाची नावे आहेत. ही यादी नसेल तर वाचणारा एकाच विमानाला तीन विमाने समजून बसतो.

तिसरी पायरी: शेपटीवरचा क्रमांक वाचायला शिका

प्रत्येक विमानाला कारखान्यात एक बांधणी क्रमांक मिळतो आणि तो आयुष्यभर बदलत नाही. बाहेरून दिसणारा क्रमांक मात्र मालक बदलला की बदलतो. भारतातील नागरी विमानांची नोंदणी ‘व्हीटी’ या दोन अक्षरांनी सुरू होते आणि पुढे तीन अक्षरे येतात. हवाई दलाच्या विमानांवर अक्षर किंवा अक्षरे आणि त्यापुढे आकडे असतात. वाहतुकीच्या विमानांपैकी एएन-32 वर ‘के’ आणि चार आकडे दिसतात, सी-130जे वर ‘केसी’, तर सी-17 वर ‘सीबी’. नौदलाच्या विमानांवर ‘आयएन’ असते. एवढे ठाऊक असले तरी छायाचित्रातील विमान कोणत्या दलाचे, हे क्षणात सांगता येते.

क्रमांकांचा माग किती दूर नेतो, याचे उत्तम उदाहरण आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तेथे उघड्यावर उभे असलेले चार इंजिनांचे आणि तीन उभ्या पात्यांच्या शेपटीचे सुपर कॉन्स्टेलेशन विमान ‘आयएन 315’ या क्रमांकाने ओळखले जाते. हेच विमान पूर्वी एअर इंडियाकडे ‘व्हीटी-डीएचएम’ या नोंदणीने प्रवासी नेत असे. त्या काळी त्याचे नाव होते ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी. जेट विमाने आल्यावर ते हवाई दलाकडे गेले आणि समुद्रावर टेहळणी करू लागले. 1976 मध्ये हे काम नौदलाकडे सोपवले गेले तेव्हा तेही नौदलात आले. सांगाडा एकच, पण त्याचे मालक तीन आणि कामे दोन. संग्रहालयात त्याच्या पोटाखाली उभे राहून हे सारे आठवले की नुसत्या धातूकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

क्रमांक फसवूही शकतो. हवाई दलाच्या वारसा ताफ्यात 2018 मध्ये एक डाकोटा दाखल झाली. तिचे नाव ‘परशुराम’ आणि शेपटीवरचा क्रमांक ‘व्हीपी 905’. 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला प्रथम उतरलेल्या डाकोटाचा हाच क्रमांक सांगितला जातो आणि त्या पराक्रमाच्या स्मरणार्थ तो नव्याने रंगवला आहे. ही डाकोटा प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये ‘जी-एएमएसव्ही’ या नागरी नोंदणीने उडत होती. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ती दुरुस्त करवून घेऊन हवाई दलाला भेट दिली, कारण त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. ‘श्रीनगरला उतरलेले तेच विमान आजही उडते आहे’ असे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. ते चुकीचे आहे. स्मरणार्थ रंगवलेला क्रमांक आणि मूळ विमान यांत फरक करणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्याने त्या भेटीचे मोल तसूभरही कमी होत नाही.

चौथी पायरी: पंखावरच्या गोलावरून काळ ठरवा

जुन्या छायाचित्रात क्रमांक बहुधा अस्पष्ट असतो, पण विमानाच्या अंगावरचा वर्तुळाकार ठसा दिसतो. या ठशाला आपण गोल म्हणू. महायुद्धाच्या पूर्वार्धात ब्रिटिश आणि भारतीय विमानांवर निळा, पांढरा आणि मध्ये लाल असा गोल असे. पुढे आपल्या आघाडीवर त्यातला लाल ठिपका काढून टाकण्यात आला, कारण जपानी विमानांवर लाल गोळाच असे आणि घाईत आपलेच विमान शत्रूचे समजून पाडले जाण्याचा धोका होता. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळासाठी अशोकचक्राचा गोल आला आणि 1950 पासून केशरी, पांढरा, हिरवा असा गोल स्थिरावला. दलाच्या नावाचेही तसेच आहे. 8 ऑक्टोबर 1932 रोजी स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाच्या नावाआधी ‘रॉयल’ हा शब्द 1945 मध्ये लागला आणि 26 जानेवारी 1950 रोजी तो गेला. त्यामुळे कागदावर ‘रॉयल’ दिसले की तो या पाच वर्षांतला, हे समजून घ्यावे.

हे ज्ञान घरात कसे उपयोगी पडते, ते सांगतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक छायाचित्र निघाले. सहा जवान विमानासमोर उभे होते आणि मागे शाईने ‘आसाम, 1944’ असे लिहिलेले होते. घरातल्या सर्वांची तशीच समजूत होती. भिंगाखाली पाहिल्यावर दाराच्या मागे, विमानाच्या अंगावर जो गोल होता, त्यात पांढऱ्या पार्श्वभूमीवर चाकाचे आरे स्पष्ट दिसत होते. आरे म्हणजे अशोकचक्र, आणि अशोकचक्र म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा काळ. 1944 शक्यच नव्हते. चौकशी केल्यावर कळले की मागचा मजकूर पुढच्या पिढीतील कोणीतरी ऐकीव माहितीवरून लिहिला होता. आसामच्या लढाईत ते गृहस्थ होते हे खरेच होते, परंतु हे छायाचित्र त्यांच्या नोकरीच्या पुढच्या टप्प्यातले निघाले. आम्ही मूळ मजकूर खोडला नाही. शेजारी पेन्सिलीने ‘गोलावरून 1947 नंतरचे’ एवढे लिहिले.

पाचवी पायरी: आकारामागचे कारण विचारा

विमानाचा प्रत्येक वेगळा दिसणारा भाग कोणत्या तरी अडचणीचे उत्तर असतो. ती अडचण शोधली की विमान लक्षात राहते, मग आकडे पाठ करावे लागत नाहीत.

एएन-32 कडे पाहा. त्याची इंजिने पंखाच्या पुढे नसून पंखाच्या वर चढवल्यासारखी दिसतात. एएन-26 या आधीच्या विमानावरून ते तयार झाले, परंतु उष्ण हवेत आणि उंच पहाडी धावपट्ट्यांवरून उडता यावे म्हणून त्याला जवळपास दुप्पट ताकदीची, म्हणजे प्रत्येकी सुमारे 5,000 अश्वशक्तीची इंजिने दिली गेली. मोठ्या इंजिनाला मोठा पंखा लागतो आणि तो पंखा जमिनीला किंवा विमानाच्या अंगाला घासू नये म्हणून इंजिन वर उचलावे लागले. हे विमान पहिल्यांदा मागवणारा देश भारत होता, आणि 1984 पासून ते आपल्याकडे आले. त्याचा चमत्कारिक चेहरा हिमालयाने घडवला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

हिमालयाचा उल्लेख आलाच आहे तर दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीची वही करावी, कारण वाहतुकीच्या विमानांच्या तीन पिढ्या समजून घ्यायला तिच्यासारखे दुसरे ठिकाण नाही. काराकोरम खिंडीजवळची ही कच्ची धावपट्टी 16,600 फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवा इतकी विरळ असते की पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि उड्डाणासाठी दुप्पट-तिप्पट धावावे लागते. जुलै 1962 मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तेथे प्रथम पॅकेट विमान उतरवले. पॅकेटला दोन दांड्यांची शेपटी होती आणि लडाखच्या उंचीसाठी भारतात त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवले गेले. पुढे ही धावपट्टी 40 वर्षांहून अधिक काळ बंद पडून राहिली. 31 मे 2008 रोजी तेथे एएन-32 उतरले आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी सी-130जे. धावपट्टी तीच आणि विरळ हवाही तीच. पहिल्या विमानाने पाठीवर जादा इंजिन घेतले, दुसऱ्याने इंजिनेच दुप्पट ताकदीची केली, आणि तिसऱ्याने सहा पात्यांचे पंखे आणि नवी इंजिने आणली. या तिन्ही विमानांची चित्रे वहीच्या एकाच पानावर चिकटवावीत.

लढाऊ विमानांनाही हीच रीत लागू पडते, पण तेथे नवोदिताने फार वेळ घालवू नये. हवा आत घेण्याचे तोंड कोठे आहे, पंख मागे किती झुकलेले आहेत आणि इंजिने किती, एवढ्या तीन प्रश्नांवर पहिल्या वर्षी भागते.

सहावी पायरी: विमानात बसलेल्या माणसांना विचारा

हा भाग आपल्या जिल्ह्यात जितका सकस आहे तितका फार थोड्या ठिकाणी असेल. 11 डिसेंबर 1971 रोजी पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ छत्रीधारी सैनिक उतरवण्यात आले आणि त्यांनी पूंगली पूल ताब्यात घेऊन माघार घेणाऱ्या फौजेची वाट अडवली. ती पलटण म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, मराठा परंपरेची. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण छत्रीधारी झाली आणि पुढे तिला हे नाव मिळाले. इटलीत 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या पलटणीचे. टांगाईलला जवान आणि सामान नेण्यासाठी एएन-12, पॅकेट आणि डाकोटा अशी निरनिराळी विमाने वापरली गेली. त्या काळचे छत्रीधारी जवान आज पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना भेटण्यात उशीर करू नये.

भेटायला जाताना घरच्यांकडून आधी वेळ विचारून घ्यावी. ‘सुभेदारसाहेब’ किंवा ‘हवालदारसाहेब’ अशी हाक मारावी, कारण निवृत्तीनंतरही हुद्दा हा त्यांचा मान असतो. ‘कोणते विमान होते?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नये. पन्नास वर्षांनंतर नाव विसरलेले असते आणि मग ऐकलेले एखादे प्रसिद्ध नाव सांगितले जाते. त्याऐवजी शरीराला काय आठवते ते विचारावे. ‘साहेब, आत चढल्यावर जमीन तिरकी होती का?’ डाकोटाचे शेपटीकडचे चाक लहान असल्याने ती उभी असताना आतली जमीन मागे उतरती असते. जड सामान घेऊन पुढच्या आसनाकडे जाणे म्हणजे चढण चढणे. ‘दार कोठे होते?’ डाकोटाचे मोठे दार डाव्या बाजूला मागे असते. एएन-12 मध्ये आणि एएन-32 मध्ये शेपटीखाली पोट उघडते. ‘शेपटीला दोन दांड्या होत्या का?’ होत्या असतील तर ते पॅकेट. एका निवृत्त हवालदारांनी मला विमानाचे नाव सांगितले नाही, पण ‘चढताना पुढच्याचा खांदा धरावा लागायचा, नाहीतर मागे घसरायला व्हायचं’ हे सांगितले आणि तेवढ्यावरून डाकोटा निश्चित झाली.

उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत, दुरुस्त करू नयेत. आपला निष्कर्ष वेगळ्या रकान्यात लिहावा. आणि कोणी एखादी गोष्ट सांगायचे टाळले तर पुन्हा विचारू नये.

सातवी पायरी: लिखित पुरावा तपासा

गणपत गल्लीतले सार्वजनिक वाचनालय आणि 1919 पासून निघणाऱ्या बेळगावच्या ‘तरुण भारत’चे जुने अंक ही आपल्या हाताशी असलेली साधने आहेत. जुने इंग्रजी कागद किंवा याद्या शोधताना शहराचे ‘बेळगावी’ हे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत झाले हे ध्यानात ठेवावे आणि त्याआधीच्या नोंदींसाठी ‘बेलगाम’ असे शोधावे. सांबऱ्याचे नावही निरनिराळ्या वर्णांनी लिहिलेले आढळते. तिन्ही-चारही रूपे शोधून पाहावीत.

छापलेले सर्वच खरे नसते, याचा एक धडा टांगाईलच्याच प्रकरणात आहे. त्या वेळी जगभरच्या वृत्तपत्रांत छत्र्यांनी भरलेल्या आकाशाचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि उतरलेले सैन्य प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठे आहे असा समज पसरला. ते छायाचित्र आग्र्याच्या जुन्या सरावातले होते, असे लष्कराचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी आय. राममोहन राव यांनी पुढे स्वतः सांगितले. आजही ते टांगाईलचे म्हणून छापले जाते. म्हणून कोणतेही छायाचित्र वापरताना ते कोणी, कोठे आणि केव्हा काढले, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळाले नाही तर तसे नोंदवावे.

मराठी वाचकाला आणखी एका विषयाशी सामना करावा लागतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. त्या उड्डाणाचा त्या काळातला खात्रीलायक पुरावा समोर आलेला नाही, आणि त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 1974 मध्ये काढला. अभिमान बाळगण्यासाठी आपल्याजवळ पुराव्यानिशी सिद्ध झालेले पुष्कळ आहे. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली आणि महायुद्धात तिथल्या कारखान्यात अमेरिकी विमाने दुरुस्त होऊ लागली. नवोदिताने हा धागा धरावा. त्याचे कागद, इमारती आणि यंत्रे आजही पाहता येतात.

प्रत्यक्ष पाहायला कोठे जावे

बोगमाळोच्या संग्रहालयाचा उल्लेख वर आला आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने किंवा लोंढा, कॅसलरॉक मार्गे रेल्वेने तेथे जाता येते. सुपर कॉन्स्टेलेशनशिवाय अलीझे, सी हॉक आणि सी हॅरियर ही विमानवाहू जहाजावरची विमाने तेथे आहेत. त्यांच्या पंखांना घडी घालण्यासाठी बसवलेले सांधे जवळून पाहावेत, म्हणजे जहाजावरच्या अपुऱ्या जागेचे गणित उमगते. हॅरियरच्या पंखाला मात्र तसा सांधा नाही, तो का नाही याचा विचार घरी येऊन करावा.

कारवारला समुद्रकिनाऱ्यावर चपळ या युद्धनौकेजवळ टीयू-142 हे नौदलाचे टेहळणी विमान ठेवले आहे. अशी आठ विमाने 1988 पासून 2017 पर्यंत आपल्या नौदलात होती. त्याच्या प्रत्येक इंजिनाला एकामागे एक असे दोन पंखे असून ते उलट दिशांना फिरतात. मागे झुकलेले पंख सहसा जेट विमानांना असतात. पंख्याच्या विमानाला ते का दिले असतील, हा प्रश्न घेऊन तेथे जावे. बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे वारसा संग्रहालय आहे. तेथे जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी भारतात आखलेले आणि 17 जून 1961 रोजी प्रथम उडालेले मारुत हे लढाऊ विमान पाहायला मिळते. वेळा आणि सुट्टीचे दिवस निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

सांबऱ्याबाबत एक सूचना कळकळीने करतो. धावपट्टी, हवाई दलाचे आवार आणि तेथे उभी असलेली विमाने यांची छायाचित्रे कुंपणाबाहेरूनही काढू नयेत आणि ड्रोन तर अजिबात उडवू नये. सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री, मुचंडी या गावांत धावपट्टी बांधली जाताना पाहिलेल्या पिढीच्या आठवणी त्यांच्या मुलानातवंडांकडे आहेत. शेत कोणाचे गेले, खडी कोठून आली, कामावर कोण होते, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि हा इतिहास अजून फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही.

वही कशी ठेवावी

दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी लिहाव्यात: विमानाचा प्रकार व उपप्रकार, क्रमांक, दिनांक, ठिकाण, आणि ही माहिती कोठून मिळाली. पाचवा रकाना रिकामा असेल तर ती नोंद कच्ची समजावी. जुन्या कागदांतील वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. उंची फुटांतच लिहावी, कारण विमानाच्या जगात तीच चालते.

कोणाच्या घरचे छायाचित्र मिळाले तर ते घेऊन जाऊ नये. तेथेच उजेडात, काचेवरची चकाकी टाळून, पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची प्रत मोबाइलवर काढावी. चिकटपट्टी लावू नये, शाईने काही लिहू नये. पुढच्या भेटीला जाताना त्या छायाचित्राची चांगली छापील प्रत आणि त्यातील विमानाबद्दल आपल्याला जे समजले त्याचा एक कागद घरच्यांच्या हाती द्यावा. बहुतेक वेळा तो कागद वाचता वाचता कोणीतरी आत जाते आणि दुसरी ट्रंक उघडते.